होनोलुलूचे यशस्वी विद्यार्थी आणि इचिकावाचं घर

त्सुकुबा

होनोलुलूतल्या एका नामांकित शाळेतून बाहेर पडलेला एकही विद्यार्थी आजवर अपयशी झालेला नाही. ही माहिती शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या अंकातली आहे. म्हणजे ती त्या विद्यार्थ्यांनी स्वतःच पुरवलेली आहे. मला ती जपानमध्ये, त्सुकुबात, माझ्या मावसबहिणीच्या स्वयंपाकघरात संत्री सोलताना मिळाली.

मार्च महिना होता. मोठ्या भूकंपाला तीन वर्षं झाली होती. केतकी, माझी मावसबहीण, त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत काम करते. तिचा नवरा आमोद एका आयटी कंपनीच्या कंत्राटावर रोज टोकियोला जातो. सहा वर्षांची सई मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जपानीत उत्तरं देते आणि ती आपल्याला समजली असं गृहीत धरते. होनोलुलूचा संबंध एवढाच, की केतकीचे वडील समुद्रशास्त्रज्ञ. त्यांची काही वर्षं तिथे गेली आणि केतकीची शाळेतली शेवटची वर्षंही.

जपानमध्ये राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या गोळा करून अंकाकडे पाठवण्याचं काम केतकीकडे आहे. ते तिच्याकडे कसं आलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मीटिंगला उशिरा पोचले गं ताई. तोवर ठरलं होतं."

आयुष्य न्यूज डेस्कवर गेलेल्या पाहुणीचा पाहुणचार कसा करावा, हे तिला बरोबर ठाऊक असल्याने तिने तो मजकूर माझ्यापुढे ठेवला. शब्दमर्यादेत बसवून द्यायचा होता. मी वाचायला घेतला. नोकरी गेलेले लोक 'नव्या संधींचा शोध' घेत होते. ज्यांना संधी सापडलीच नव्हती, ते 'कुटुंबाला वेळ' देत होते. डेरेक एका वित्तसंस्थेचा व्हाइस प्रेसिडेंट होता. लेलानी ओसाकात एका सांस्कृतिक ॲकॅडमीची संस्थापक-संचालक होती. ग्लेन नावाचा गृहस्थ लिफ्टच्या कंपनीत प्रादेशिक प्रमुख होता, आणि त्याची बातमी बाकी सगळ्यांच्या मिळून होईल एवढी होती. आमच्या पेपरात निधनवार्तेतसुद्धा माणसाचा दोष सुचवण्याची सोय असते. 'परखड स्वभावाचे होते' असं लिहिलं, की जाणकारांना कळतं. इथे तेवढीही फट नव्हती.

मी ग्लेनच्या ओळी कापायचे आणि केतकी त्या परत घालायची.

"असू दे. तो शब्द मोजतो."

"आणि तुझी बातमी कुठे आहे?"

"माझी काय बातमी? या महिन्याअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. तसं लिहू?"

आमच्या शाळेच्या मेळाव्यात असले प्रश्न पडत नाहीत. मंगल कार्यालयात पहिल्या जिलबीच्या आत कोणीतरी "पगार किती?" असं विचारतो, दुसरा "एवढाच?" म्हणतो, आणि मग सगळे मोकळेपणाने जेवतात.

त्सुकुबा हे गाव आधी कागदावर आखून मग बांधलेलं आहे. रस्ते रुंद, झाडं ओळीत, संस्थेमागे संस्था. सायकली इतक्या शिस्तीने उभ्या असतात, की त्यांनाही पदव्या दिल्या असाव्यात अशी शंका येते. पाहुण्यांची व्यवस्था मात्र आराखड्यात नसावी. दुसऱ्या दिवशी मी कचऱ्याची पिशवी खाली ठेवून आले. संध्याकाळी ती तिथेच होती, लाल चिकटपट्टी लावलेली. आत प्लॅस्टिक आणि संत्र्याच्या साली एकत्र होत्या. पुण्यात माझा मजकूर सहसा परत येत नाही. इथे कचरा आला.

केतकीला नवी नोकरी मिळाली होती, टोकियोत. अडचण जागेची होती. संस्थेचं घर महिन्याअखेर सोडायचं होतं, एप्रिलमध्ये सई पहिलीत जाणार होती, आणि शाळा पत्त्यावरून मिळते. पत्ता इचिकावात ठरला होता. जवळजवळ ठरला होता.

इचिकावा

इचिकावा टोकियोच्या पूर्वेला, नदी ओलांडली की लगेच. इथे बरेच भारतीय राहतात. स्टेशनजवळच्या एका दुकानात पोहे मिळतात, आणि पोह्यांशेजारी उभं राहिलं की आपल्याकडची माणसंही मिळतात. पुण्याच्या एका काकूंनी दहा मिनिटांत माझं माहेर, सासर आणि गुडघेदुखी काढून घेतली. पुढे ओसाकात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, त्याला या काकूंना पाठवायला हवं होतं.

जागा चांगली होती. तिसरा मजला, दक्षिणेकडे बाल्कनी, शाळा चालत जाण्याजोगी. सईने कपाटात शिरून दार लावून घेतलं आणि आतून जपानीत काहीतरी जाहीर केलं.

"काय म्हणतेय?"

"ही खोली तिची," आमोद म्हणाला. "रेंट आपण द्यायचं."

घरमालकीण होरिए-सान सत्तरीच्या पुढच्या, ताठ, कानाने थोड्या कमी. जागा दाखवणारे एजंट निशिदा-सान प्रत्येक वाक्य बोलण्याआधी त्याची माफी मागत. त्यांनी माफी मागून सांगितलं, की होरिए-सानांना जामीनदार हवा. जपानी, किंवा जपानमध्ये कायम राहण्याचा परवाना असलेला. पक्क्या नोकरीतला. जामीन घेणाऱ्या कंपन्या असतात, पण त्या बाईंना चालत नाहीत. कंपनीच्या दारात जाऊन उभं राहता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

कारण त्यांनी स्वतः सांगितलं, अगदी शांतपणे. याच जागेत एक परदेशी इंजिनियर राहायचा. भूकंपानंतर अणुभट्टी फुटल्याच्या बातम्या आल्या, त्याच आठवड्यात तो निघून गेला. किल्ली टपालपेटीच्या फटीतून आत टाकलेली, कुकरात भात तसाच. तो भात त्यांना बऱ्याच दिवसांनी सापडला.

"कुठला होता तो?" मी केतकीला मराठीत विचारलं.

"विचारू का?"

"नको."

केतकीने सांगितलं, की ती गेली नव्हती. भूकंपात प्रयोगशाळेतली कपाटं आडवी झाली, सई तीन वर्षांची होती, आईवडील पुण्याहून रोज रडत फोन करत होते, तरी ती गेली नव्हती. होरिए-सानांनी आदराने मान लववली. मग म्हणाल्या, की जामीनदार पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळाला तर बरं होईल. दुसरं एक कुटुंब थांबलं आहे.

जामीन ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. घराघरांत मुलाला मुंजीच्या आधी शिकवलेलं असतं, की कोणाला जामीन राहायचं नाही. जपानी घरांतही हेच शिकवतात, असं कळलं. दोन प्राचीन संस्कृतींमध्ये साम्यस्थळं शोधणाऱ्या विद्वानांनी याची नोंद घ्यावी.

केतकीच्या प्रोफेसरांनी संस्थेचा नियम सांगितला. आमोदच्या साहेबांनी दात-ओठांमधून हवा आत ओढली. जपानी ऑफिसात हे नकाराचं पूर्ण उत्तर समजलं जातं. उरली होती शाळा. शनिवारी ओसाकात जपानमधल्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, आणि स्वतःच पाठवलेल्या बातम्यांवरून पाहता त्यातला प्रत्येक जण अख्ख्या इमारतीला जामीन राहू शकला असता.

"एकेकाला कोपऱ्यात घेऊन विचार," आमोदने सांगितलं. "आधी हवापाण्याचं बोल. इथे असंच करतात."

"बरं," केतकी म्हणाली.

ओसाका

ओसाकात लोक मोठ्याने बोलतात, सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहतात आणि टोकियोवाले डावीकडे उभे राहतात याची कीव करतात. तिथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे कोबी घातलेलं जाड धिरडं. ते गरम तव्यावर समोरच भाजतात आणि वरून सुक्या माशाचे पातळ पापुद्रे टाकतात. वाफेने ते हलतात. मी शाकाहारी असल्याचं केतकीने वाढणाऱ्या मुलीला तीनदा सांगितलं. तिने तीनदा माफी मागितली आणि पापुद्रे घातलेलं धिरडं आणून ठेवलं. तिच्या लेखी ती सजावट होती.

मेळावा अशाच धिरड्यांच्या एका खानावळीच्या माडीवर होता. गळ्यात घालायला कागदी फुलांच्या माळा होत्या. मी पाहुणी म्हणून मलाही घातली. सत्काराशिवाय माळ घालून बसण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. शाळेचं गीत झालं. मग पद्धतीप्रमाणे प्रत्येकाने उभं राहून वर्षाचा वृत्तांत सांगायचा होता.

डेरेक व्हाइस प्रेसिडेंट होताच, आता 'धोरणात्मक'ही झाला होता. लेलानीच्या ॲकॅडमीची दुसरी शाखा निघणार होती. ग्लेन उभा राहिला तेव्हा लोकांनी ग्लास भरून घेतले. हा हवाईतला तिसऱ्या पिढीचा जपानी, पन्नाशीकडे झुकलेला, केस काळजीपूर्वक विंचरलेले. प्रादेशिक प्रमुख या नात्याने त्याने कोणकोणत्या जिल्ह्यांतल्या लिफ्ट वर नेल्या, ते झालं. मग २०११ आलं. "त्या मार्चमध्ये," तो म्हणाला, "आमच्या कंपनीचं कामकाज ओसाकाला हलवण्याची जबाबदारी माझ्यावर आली."

लेलानी माझ्याशेजारी होती. ती हळूच म्हणाली, "कामकाज म्हणजे ग्लेन आणि एक सूटकेस. मिळाली त्या पहिल्या ट्रेनने."

"आणि त्याच्या घरचे?"

"बायको जपानी. योको. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती राहिली. फुनाबाशीत असतात. महिन्याभराने हाही परत गेला. त्या महिन्यावर आमच्याकडे कोणी बोलत नाही, तोच बोलतो, दरवर्षी."

फुनाबाशी इचिकावाच्या पुढचंच गाव.

मग केतकी उभी राहिली. कोपरा, हवापाणी यांतलं काही झालेलं नव्हतं. ती वेळेवर पोचली होती आणि तरीही सगळ्यात शेवटी तिचा नंबर लागला होता.

"माझं कॉन्ट्रॅक्ट महिन्याअखेर संपतंय," ती म्हणाली. "नवी नोकरी आहे. घर पाहिलंय, पण जामीनदार लागतो. शुक्रवारपर्यंत. तुमच्यापैकी कोणी राहाल का?"

जपानमध्ये अशी गोष्ट भर बैठकीत विचारत नाहीत, याची जाणीव मला खोलीतल्या शांततेवरून झाली. आपल्याकडे निदान कोणीतरी खोकला असता.

पहिला बोलला डेरेक. "आवडलं असतं, केतकी. पण आमच्या कंपनीचं धोरण—"

"कंपनीचा संबंध नाही रे. फक्त नोकरी पक्की हवी."

डेरेकने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "पक्की," तो म्हणाला. "तर माझंही कॉन्ट्रॅक्टच आहे. वर्षावर्षाचं. आमच्या मजल्यावर सगळेच व्हाइस प्रेसिडेंट आहेत. चहा आणून देणारा सोडून."

कोणी हसलं नाही. मग लेलानी हसली. "माझी ॲकॅडमी सुपरमार्केटच्या वरच्या खोलीत आहे. आज्ज्यांना हुला नाच शिकवते. दुसरी शाखा म्हणजे मंगळवार."

त्यानंतर जे झालं, ते वार्तांकनाच्या दृष्टीने आदर्श होतं. नकार द्यायचा तर प्रत्येकाला एक तर कंजूष ठरायचं होतं किंवा अयशस्वी, आणि या शाळेच्या विद्यार्थ्यांनी एकामागून एक दुसरा पर्याय निवडला. स्वतंत्र सल्लागार सासूच्या घरात राहत होता आणि सल्ला तीच देत होती. नव्या संधींचा शोध घेणाऱ्या बाईंनी तो शोध थांबवल्याला वर्ष झालं होतं. मंडळी एकमेकांचे ग्लास भरू लागली, आवाज चढले. कोणीतरी केतकीला म्हणालं, "गेल्या वर्षीही तुला जामीनदार हवा असता, तर मेळावा चांगला झाला असता."

केतकी सगळ्यांबरोबर हसत होती. तिच्या ताटातलं धिरडं गार झालं होतं.

ग्लेन मात्र एक शब्द बोलला नाही. ही त्या संध्याकाळची खरी बातमी होती, आणि ती मला तेव्हा कळली नाही.

परतीची गाडी

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. फुजी डोंगर दिसण्याची ठरलेली वेळ आली आणि ठरल्याप्रमाणे ढग आले. केतकी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होती.

"सईला त्सुकुबातच ठेवू?" ती म्हणाली. "एखादी खोली मिळेल. आमोद आणि मी दोघंही अपडाऊन करू."

"रोज? आणि ती शाळेतून कोणाकडे येईल?"

तेवढ्यात ग्लेन पुढच्या डब्यातून आला आणि पलीकडच्या रिकाम्या सीटवर बसला. सीट त्याची नव्हती. असं करणारा जपानमध्ये मला दुसरा माणूस दिसला नाही.

"तो कागद आहे का तुझ्याजवळ?" त्याने विचारलं.

केतकीने पर्समधून जामिनाचा कागद काढला. त्याने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"माझी नोकरी पक्की आहे," तो म्हणाला. "परवानाही कायमचा आहे. मी जे जे सांगतो, त्यातलं एवढं खरं आहे. सहीऐवजी लागतो तो शिक्का घरी आहे. गुरुवारी आणून देतो."

केतकी काहीतरी बोलायला गेली. त्याने हात वर केला.

"आणि ही बातमी अंकात घालू नकोस. योको वाचते."

"तू तिला विचारणार नाहीस?"

"तिच्या आईच्या घरचा पहिला नियम, जामीन राहायचं नाही. दुसरा नियम, हवाईच्या माणसाशी लग्न करायचं नाही." त्याने कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "एक आधीच मोडून झालाय."

तो गेल्यावर केतकी म्हणाली, "आणेल का गं?"

मी तिला खरं उत्तर दिलं नाही. ओसाकाला पहिल्या गाडीने जाणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तयार होतं.

पुन्हा इचिकावा

गुरुवारी संध्याकाळी आम्ही इचिकावा स्टेशनच्या तिकीट फाटकाशी उभ्या होतो. माणसांचे लोंढे येत होते, ओसरत होते. ग्लेन आला, तो फाटकाच्या आतच राहिला. कागद आणि शिक्का त्याचाच असल्याचा सरकारी दाखला त्याने फाटकावरून दिला. शिक्का सुबक, लाल, चौकटीच्या बरोबर मध्ये होता.

"बाहेर ये ना, कॉफी घेऊ," केतकी म्हणाली.

"घरी उशीर होईल. काय सांगणार?" असं म्हणून तो पुढच्या गाडीकडे वळला.

माझं मत मला बदलावं लागलं. अशा दुरुस्त्या पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरात छापतात. इथेही तेवढीच जागा पुरे.

शुक्रवारी निशिदा-सानांच्या ऑफिसात सगळे जमलो. होरिए-सान, केतकी, अर्धी रजा टाकून आलेला आमोद, सई आणि मी. कागद तपासून झाले. निशिदा-सानांनी माफी मागून सांगितलं, की आता जामीनदाराला एक फोन करावा लागेल, फक्त खात्रीसाठी. कागदावर दोन नंबर होते, मोबाइलचा आणि घरचा. मोबाइलच्या नंबराखाली ग्लेनने ठळक रेघ मारली होती. निशिदा-सानांच्या ऑफिसचा नियम घरच्या नंबराचा होता, आणि होरिए-सानांना ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

केतकीने माझं मनगट धरलं. फोन एका बाईंनी उचलला. पुढचं सगळं केतकी माझ्या कानाशी लागून सांगत गेली.

"आपले पती एका जागेसाठी जामीनदार राहिले आहेत," निशिदा-सान म्हणाले. "आपल्याला कल्पना असेलच."

निशिदा-सानांनी पेन उचललं, ठेवलं.

"जागा कोणाला हवी आहे?"

"एका भारतीय कुटुंबाला. बाई आपल्या पतींच्या शाळेतल्या आहेत."

"त्सुकुबाच्या? बातम्या गोळा करतात त्या?"

"त्याच असाव्यात."

"हो," बाई म्हणाल्या. "मला कल्पना आहे."

ते खोटं होतं. आम्हा तिघांना ते माहीत होतं, आणि बहुधा निशिदा-सानांनाही. त्यांनी कागदावर बरोबरची खूण करून ते अधिकृत केलं.

मग होरिए-सान फोनकडे झुकल्या. हे कार्यक्रमात नव्हतं.

"मी घरमालकीण. आपले पती परदेशी आहेत ना?"

"हो."

"तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, ते कुठे होते?"

केतकीचं भाषांतर तेवढ्या उत्तरापुरतं थांबलं. मला शब्द कळले नाहीत, पण 'ओसाका' कळलं.

"आणि तुम्ही?"

"इथेच. आई होती घरी."

"पाण्याची रांग फार मोठी होती."

"हो. आणि वारा होता."

"वारा होता," होरिए-सान म्हणाल्या. सईने आमोदला जपानीत विचारलं, की घर आपलं झालं का, आणि त्याने तिला मराठीत गप्प बसायला सांगितलं.

"पुन्हा तसं झालं," होरिए-सानांनी विचारलं, "आणि तुमचे पती निघून गेले, तर मी कोणाच्या दारात यायचं?"

"माझ्या. मी इथेच असते," बाई म्हणाल्या. जरा थांबून पुढे म्हणाल्या, "पण कागदावर नाव त्यांचंच राहू द्या. त्यांना आवडतं."

होरिए-सानांनी पर्स उघडली आणि आपला शिक्का बाहेर काढला.